नेफा

कॉटन ग्रीनच्या गोदामात गाठोडी उतरतात
आणि मी आधी परकर वेगळे काढते.
मिस्किटा मॅडम म्हणतात, हौसाबाई, चादरी मोजा आधी.
मोजते. पण परकर आधी.

लोक धुऊन देतात, इस्त्री करून देतात,
एकीने तर घडीत डांबरगोळी ठेवली होती.
नाडी मात्र काढून घेतात.
का, विचारू नका. चांगली नाडी कोण टाकतं?
मीही टाकली नसती.

त्या वर्षी विक्रोळीची टेकडी रात्री अडीचला खाली आली.
ते मी सांगत नाही, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत.
मी सांगते ते शाळेचं.
पालिकेची शाळा, तिसरी ब.
फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाचा पट : हजर एकेचाळीस.
आम्ही त्याच खोलीत त्रेसष्ट.
वाटपात मला एक साडी आली आणि एक निळा परकर,
कापड उत्तम,
नेफा रिकामा.
मग साडी खोचायची कशात?

चार दिवस मी एका हाताची बाई होते.
डाव्या हातात कंबर.
उजव्यात थाळी, उजव्यात मुलगी,
उजव्याने पंचनाम्यावर सही,
तिसऱ्या दिवशी उजव्यानेच चादर वर केली
आणि म्हटलं, हो, ह्या माझ्या सासूबाई.

चौथ्या दिवशी पाहुणे आले, बादल्या घेऊन.
झाकणाची बादली, आत सत्तावीस वस्तू,
यादी झाकणावर चिकटवलेली.
फोटोवाला म्हणाला, ताई, दोन्ही हात पुढे करा.
मी एक केला.
दोन्ही, ताई, दोन्ही. लाजता काय?
मागून कुणी हळू आवाजात म्हणालं,
धक्का बसलाय त्यांना.
धक्का नव्हता हो.
नाडी नव्हती.

रात्री यादी वाचली, टॉर्चच्या उजेडात.
(टॉर्च होती. नववी वस्तू.)
साबण दोन, मेणबत्त्या, क्लोरीनच्या गोळ्या, नेलकटर.
दोनदा वाचली.
भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता, सुती दोरीने खिळ्याला टांगलेला.
सगळे झोपल्यावर बाकावर चढले,
कोकणापासून विदर्भापर्यंत गुंडाळून
कपाटामागे उभा केला,
दोरी घेतली.
पिन नव्हती. केसातला आकडा लावून
नेफ्यातून बोट बोट सरकवली.
गाठ मारली
आणि तेव्हा पहिल्यांदा रडले,
दोन्ही हातांत तोंड घेऊन.

आता सकीना आणि मी दिवसाला शंभर परकर ओवतो.
मस्जिद बंदरहून नाडी येते, किलोवर.
मॅडम हिशेबात तिला "इतर" लिहितात.
लिहू देत.

काल नवी मागणी आली. पूर नाही, दरड नाही.
लांबच्या डोंगरातली गावं,
शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची जाळलेली.
मॅडमनी शिबिराचे फोटो दाखवले.
तिथल्या बायका परकर घालत नाहीत,
एकच कापड कमरेला गुंडाळतात, टोक खोचतात.
नेफाच नाही.
मी बराच वेळ फोटो बघत बसले.
मग त्यांचा हात कशात अडकलाय?
मला माहीत नाही. मॅडमना माहीत नाही.
यादीला तर नाहीच.
म्हटलं, विचारा ना कुणाला तरी तिथल्या बाईला.
मॅडम म्हणाल्या, ट्रक पाचला सुटतो, हौसाबाई.

तेव्हा प्रत्येक बादलीत, साबणाखाली,
सहा हात नाडी टाकली, गुंडाळी करून.
सकीना म्हणाली, काय करतील तिचं?
आडोसा बांधतील. पोराला झोळी. बोचकं आवळतील.
नाहीतर म्हणतील,
मुंबईची माणसं येडी, दोऱ्या पाठवतात.

ट्रक गेल्यावर मॅडमनी फोन लावला.
पलीकडे वाजत राहिला, कुणी उचलला नाही.
उद्या बघू म्हणाल्या, पर्स उचलली.
मी नंबर मागितला
आणि डाव्या तळहातावर लिहून घेतला.